स्वस्ताईचे पुण्य

सरकारी नोकराला आपली किंमत स्वतःच्या तोंडाने सांगण्याचा प्रसंग आयुष्यात सहसा येत नाही. ती दुसरे कोणी ठरवितात, राजपत्रात छापतात, आणि आपण कोष्टकावर बोट ठेवून ती शोधून पाहतो. सातव्या वेतन आयोगाचे जे कोष्टक २०१६ च्या जानेवारीपासून लागू झाले, त्याच्या चौथ्या स्तराच्या रकान्यात आम्ही वर्षाला एक घर या गतीने खाली उतरत आहोत. खाली उतरणे म्हणजे वर चढणे असा हा आमच्या माहितीतला एकच जिना. आठव्या आयोगाची घोषणा २०२५ च्या जानेवारीत झाली, तेव्हा कचेरीत डब्याच्या वेळी कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. पण त्या चर्चेत ‘ते किती देतील?’ एवढाच प्रश्न असे. ‘आपण किती मागावे?’ हा प्रश्न निराळा आहे, आणि तो आमच्या घरात प्रथम शिरला तो आमच्या नोकरीमुळे नव्हे, सौ.च्या कामामुळे.

बदलीच्या हुकुमात ‘लोकहितार्थ’ असा एक शब्द असतो. त्या लोकहिताच्या तागडीत बायकोची नोकरी घातली जात नाही. सौ. साताऱ्याकडे एका सहकारी पतसंस्थेत हिशेबनीस होती. आमची पहिली बदली भोपाळला झाली तेव्हा तिने रजा काढली, रजा संपल्यावर राजीनामा दिला, आणि पुढे दिल्लीस आल्यावर त्या गोष्टीचा उल्लेखही सोडला. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हे असेच घडले असेल. म्हणून त्याचे वर्णन लांबवीत नाही. आर. के. पुरमच्या दोन खोल्यांच्या सरकारी घरात दुपारी अकरापासून सहापर्यंत जी शांतता असते ती कोणास मानवते, कोणास नाही. सौ.ला ती मानवली नाही.

अशा वेळी तिला हे नवे काम मिळाले. ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ असे त्याचे नाव आहे. आम्ही आपसांत त्याला दुरून केलेली चिटणिशी म्हणतो. कोणी वास्तुविशारद बंगळुरास बसलेला असतो, कोणी दंतवैद्य पुण्यात. त्यांची आलेली पत्रे चाळणे, महत्त्वाची वर काढणे, भेटीच्या वेळा लावणे, तिकिटे काढणे, देयके तयार करून थकलेल्या पैशांची नम्र आठवण देणे, बैठकीचे टिपण लिहिणे, ही सारी कामे आपल्या घरी संगणकापुढे बसून करावयाची. म्हणजे आम्ही कचेरीत जे करतो तेच. फक्त फाईलला लाल फीत नाही आणि वर अनुभाग अधिकारी नाही. बदली झाली तर हे काम गाठोड्यात बांधून नेता येते. आमच्यासारख्यांच्या घरी त्याचे महत्त्व काय ते सांगावयास नको.

मालकाने पहिलाच प्रश्न विचारला, तुमचा तासाचा दर काय? सौ.ने आम्हांला विचारले. आम्ही पदवीला अर्थशास्त्र घेतले होते व कारकुनी करीत आहोत. आकड्यांच्या बाबतीत आमचा शब्द घरात शेवटचा समजला जातो. आम्ही कागद घेतला. आमच्या हाती महिन्याला साधारण ४४,००० रुपये येतात. महिन्याचे कामाचे दिवस २२, दिवसाचे तास ८, एकूण १७६. भागाकार बरोबर २५० आला. इतका नीटस भागाकार पाहून आम्हांला समाधान वाटले. मग आम्ही म्हणालो, “तू नवखी आहेस, घरी बसून काम आहे, जाण्यायेण्याचा खर्च नाही. २०० सांग. त्याहून अधिक मागणे बरे दिसणार नाही.”

‘बरे दिसणार नाही’ हे शब्द आम्ही का वापरले याचा विचार तेव्हा केला नाही. आता करतो तेव्हा उत्तर फारसे भूषणावह येत नाही. २५० हा आमचा भाव होता, आणि बायकोने त्या रेषेच्या खाली राहावे असे आम्हांला वाटले होते. आम्ही त्याला विनय असे नाव दिले. तिचा विनय, अर्थात, आमचा नव्हे.

आमच्या समाजात पैसे मागण्याची एक पुरातन लाज आहे, आणि ती लाज आपण सद्‌गुणात जमा करतो. भिक्षुकाला विचारले, दक्षिणा किती, तर तो ‘यथाशक्ती’ म्हणतो. शिकवणीच्या मास्तरांना विचारले तर ते ‘तुम्ही द्याल ते’ म्हणतात. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आहे त्यातही सुतार-लोहाराने प्रत्येक कामाचा दर सांगावयाचा नसतो. वर्षभर राबावे आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यावा. ही रीत गोड वाटते, विशेषतः ज्यांचे खळे होते त्यांच्या वंशजांना. पण दर न सांगण्याचा अर्थ दर नव्हता असा नाही. तो देणाऱ्याच्या हातात होता एवढाच. कौटिल्य या बाबतीत आम्हांला अधिक रोखठोक वाटतो. त्याच्या अर्थशास्त्राचा नियम असा की बोली झाली असेल तर बोलीप्रमाणे वेतन द्यावे. झाली नसेल तर काम व काळ पाहून द्यावे, आणि शेतमजुराला पिकाचा, गुराख्याला तुपाचा, व्यापाऱ्याच्या नोकराला मालाचा दहावा हिस्सा मिळावा. मागावयास लाजणाऱ्या माणसाचीही त्याने सोय करून ठेवली होती. आजच्या दुरून चिटणिशी करणाऱ्या बाईसाठी तेवढीही सोय नाही. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली आला खरा, पण तो मालक आणि नोकर यांच्यासाठी होता. जी स्वतःच दुकान, स्वतःच नोकर आणि स्वतःच माल आहे तिने आपला भाव स्वतःच बोलावा लागतो.

तर सौ.ने २०० सांगितले, आणि काम लगेच मिळाले. इतके लगेच मिळाले की आम्हांला आमच्या व्यवहारज्ञानाचा अभिमान वाटला.

येथे एका तिसऱ्या व्यक्तीचा उल्लेख करणे भाग आहे. आमच्या वसाहतीपलीकडे रस्ता ओलांडला की मुनिरका गाव. तेथे एका खोलीत गढवालकडील एक बाई दोन मुलांसह भाड्याने राहते. नवरा नाही. सौ. तिला दीदी म्हणते. ही चिटणिशी मुळात तिनेच सौ.ला शिकविली, पत्राचा विषय कसा लिहावा, वेगवेगळ्या देशांच्या घड्याळांचा मेळ कसा घालावा, एकाच वेळी तीन मालकांच्या दैनंदिन्या घोटाळा न करता कशा सांभाळाव्यात, सारे तिनेच सांगितले, आणि त्याबद्दल एक कप चहापलीकडे काही घेतले नाही. तिचा दर तासाला ४०० होता. बंगळुरूचे वास्तुविशारद मूळचे तिचे मालक. तिला मुलाच्या आजारपणात आठ दिवस काम झेपेना तेव्हा तिनेच सौ.चे नाव सुचविले. आठ दिवस झाले, मूल बरे झाले, पण काम परत गेले नाही. त्यांनी सौ.लाच कायम केले. त्यांचा तरी दोष काय? तेच काम, तितकेच नीट, निम्म्या भावात मिळत होते.

दीदी भांडावयास आली नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सौ.ने तिला बोलाविले होते, त्याप्रमाणे आली. तिळगूळ घेतला. निघताना पायांत चपला घालता घालता सहज म्हणाली, “भाभी, तुम्हांला घरभाडे नाही ना. म्हणून परवडते.”

एवढेच बोलली. आम्ही आतल्या खोलीत होतो; आम्हांला ऐकू आले.

त्या रात्री आम्ही तो जुना कागद पुन्हा काढला. पहिल्या हिशेबात आम्ही वर्षाचे सारे दिवस काम करतो असे धरले होते. वस्तुतः शनिवार-रविवार वजा जाता वर्षात दिवस उरतात २६१. त्यातून राजपत्रित सुट्या १७, ऐच्छिक २, नैमित्तिक रजा ८ व अर्जित रजा ३० वजा केल्या की प्रत्यक्ष कामाचे दिवस २०४ च्या आसपास, म्हणजे तास सुमारे १,६४०. त्या तासांबद्दल वर्षाचे ५,२८,००० हाती येतात. तासाचा भाव एकदम ३२२ वर गेला. पुढे, आम्ही ज्या घरात राहतो त्याचा परवाना-शुल्क म्हणून महिन्याला काही शे रुपये कापले जातात. असल्या दोन खोल्या बाहेर घ्यावयाच्या तर १८,००० तरी मोजावे लागले असते. ते वर्षाचे २,१६,०००. निवृत्तिवेतनाच्या खात्यात सरकार आपल्या बाजूने वेतन व महागाई भत्त्याच्या शेकडा १४ भरते. ते वर्षाचे सुमारे ७४,०००. सारे मिळून ८,१८,०००. भागाकार जवळजवळ ५०० आला. दवाखान्याची सोय आणि ‘पुढच्या महिन्यात काम असेल ना?’ ही धास्ती नसण्याची किंमत आम्ही धरलीच नाही. ती कोणत्या रकान्यात लिहावी हे आम्हांस सुचेना.

उलट बाजूला दीदीचे ४००. आठ तास संगणकापुढे बसले तरी मालकाच्या खात्यावर लिहिता येतात ते चार-पाच; बाकीचे काम शोधण्यात, दराची घासाघीस करण्यात आणि थकलेले पैसे मागण्यात जातात. वीज तिची, संगणक तिचा, इंटरनेटचे पैसे तिचे. मूल आजारी पडले तो दिवस शून्याचा. मध्यस्थ संकेतस्थळावरून काम आले तर त्याचे अडत निराळे. त्या ४०० मधून खोलीचे भाडे आणि मुलांची शाळा गेल्यावर उरत काय असेल, हे काढण्यासाठी पदवीची गरज नव्हती.

म्हणजे सौ. २०० रुपयांत काम करू शकत होती ती काही तिच्या कौशल्यामुळे किंवा साध्या राहणीमुळे नव्हे. उरलेले पैसे भारत सरकार भरत होते. आमचे घर, आमचा दवाखाना, आमचे निवृत्तिवेतन हे सारे तिच्या दराखाली पायासारखे उभे होते. आणि त्या पायावर उभे राहून ती जिला पाया नाही अशा बाईशी बाजारात स्पर्धा करीत होती. आम्ही ज्याला विनय म्हणत होतो ते एक प्रकारचे दान होते, पण ते आमच्या खिशातून जात नव्हते. घेणारा बंगळुरास होता आणि देणारी मुनिरक्यात.

‘मला पैशांची तशी गरज नाही’ हे वाक्य आपल्या घरांतून फार कौतुकाने बोलले जाते. निवृत्त झालेले गृहस्थ ते बोलतात आणि निम्म्या पगारावर एखाद्या खासगी संस्थेत बसतात. त्या खुर्चीवर बसू शकला असता तो तरुण कोठे गेला, हे कोणी विचारीत नाही. सुखवस्तू घरातील पदवीधर भगिनी नाममात्र वेतनावर शाळेत शिकवितात, आणि त्या नाममात्र वेतनाची मग प्रथा होते. ज्याला गरज नाही त्याने पाहिजे तर काम फुकट करावे. गरिबाचे करावे, उघडपणे करावे. परंतु बाजारात उभे राहून, भाव बोलून, तो गरजवंताच्या भावाखाली बोलावा, आणि वर निरिच्छपणाचे समाधान मानावे, हे आम्हांस आता नीतीत बसवता येत नाही.

वेतन आयोगाच्या अहवालात एक गोष्ट आम्ही पूर्वी वाचली होती, तिचा अर्थ आता निराळा लागला. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे जे निकष ठरविले, त्यांत एका मिळवत्या माणसामागे तीन उपभोग-एकके धरली आहेत, डॉ. आयक्रॉइड यांच्या आहाराच्या प्रमाणाने अन्न, कुटुंबाला वर्षाचे ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती इत्यादींसाठी शेकडा २०. सातव्या आयोगाने १८,००० चा किमान आकडा काढला तो याच वाटेने. या हिशेबात नवरा म्हणजे एक एकक, बायको ०.८, आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. आणि त्याच निकषांत असेही म्हटले आहे की स्त्रिया व मुले यांची मिळकत हिशेबात धरू नये. हेतू चांगला होता. बायको कमावते एवढ्या सबबीवर मजुराचे वेतन कोणी कापू नये, म्हणून ती तरतूद. पण तीच गोष्ट घरात उतरली की तिचा अर्थ फिरतो. तिची मिळकत धरावयाची नाही. म्हणजे ती वरखर्चाची, हौसेची, पडद्याच्या कापडाची. आम्ही २०० सांगितले ते याच अर्थाने. जे मोजावयाचेच नाही त्याचा भाव कशाला वाढवा?

गांधीजींनी १९०४ साली जोहान्सबर्गहून डरबानला जाताना आगगाडीत रस्किनचे ‘अनटू धिस लास्ट’ वाचले, आणि वकिलाच्या कामाचे मोल न्हाव्याच्या कामाइतकेच असले पाहिजे हा धडा घेतला, ही कथा आपल्या सर्वांना शाळेपासून पाठ आहे. आम्ही तिच्यावर कधी काळी निबंधही लिहिला होता. त्या निबंधाला गुण चांगले मिळाले. हिशेबाची वही उघडीच होती म्हणून त्याच रात्री सौ.ने आमच्याकडे धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईचे १,५०० रुपये तीस तासांनी भागले. ५० आले. दुसऱ्या महिन्यापासून आम्ही २,००० केले आहेत. तरीही तो भागाकार आमच्या भागाकाराशेजारी मांडण्याचे धैर्य आम्हांला होत नाही, आणि निबंध लिहिण्याची इच्छाही.

मुख्य प्रश्नाकडे वळू. दर वाढवावा हे ठरले, पण किती, आणि सर्वांना सारखाच काय? पुण्याच्या दंतवैद्य बाई नुकताच दवाखाना काढून बसल्या आहेत. त्यांना ४०० झेपत नाहीत. वास्तुविशारदांना सहज झेपतात. एकाच कामाचे दोन भाव घेणे आमच्या मनाला प्रथम लबाडीचे वाटले, कारण एकच भाव सांगणारे दुकान प्रामाणिक, हे आम्ही लहानपणापासून ऐकले आहे. पण गावचा जुना वैद्य सावकाराकडून रुपया घेई आणि मजुराला पुडी तशीच देई, त्याला कोणी लबाड म्हटले नाही. फरक आम्हांस वाटतो तो एवढाच: वैद्याची सूट कोणालाही दिसत होती आणि ती का हे सांगता येत होते. दंतवैद्य बाईंना सौ.ने स्पष्ट लिहिले की माझा दर ४०० आहे, तुमचा दवाखाना लागेपर्यंत वर्षभर २५० घेईन. त्यांनी आभार मानले आणि वर्षाची तारीख आपणच टिपून ठेवली. न सांगता कमी घेतले असते तर २५० हाच तिचा भाव ठरला असता, आणि पुढच्या कोणा बाईचाही.

तासावर भाव ठेवण्यातच काही खोट आहे काय, हाही एक मुद्दा आहे. बाळाजी आवजी चिटणीसांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे: महाराजांनी सांगितलेले पत्र लिहावयास सवड झाली नाही, तेव्हा त्यांनी कोरा कागद पुढे धरून ते सबंध पत्र न अडखळता वाचून दाखविले. बाळाजीपंतांनी तासाने पैसे घ्यावयाचे तर त्या दिवशीची मजुरी शून्य. सौ. हल्ली पूर्वी दोन तासांत होणारे काम पाऊण तासात करते. म्हणजे हुशार होईल तितकी गरीब होईल. दीदीचा उपाय असा की मालक जुना झाला की तासांवरून महिन्याच्या ठरावीक रकमेवर यावे. तो आम्हांला पटला. पण मग कामाची सीमा कागदावर बांधून घ्यावी लागते, नाही तर रात्री दहा वाजता ‘एक छोटेसे काम’ येते. या छोट्या कामांविषयी आमच्या कचेरीतील वाचकांना अधिक सांगावयाची आवश्यकता नाही.

एका रविवारी दीदी व सौ. आमच्याकडे बसल्या आणि दोघींनी ठरविले की मोठ्या मालकाकडून ४०० च्या खाली कोणी जावयाचे नाही, आणि एकमेकींच्या मालकाकडे तिला विचारल्यावाचून काम धरावयाचे नाही. आमच्यातील कारकून जागा झाला. आम्ही म्हणालो, हे संगनमत झाले. स्पर्धेचा २००२ चा कायदा आहे; एकाच धंद्यातील लोकांनी मिळून भाव बांधणे त्यात गैर मानले आहे. सौ.ने चहा गाळता गाळता विचारले, “मग अहो, तुमची संघटना वेतन आयोगापुढे जाऊन काय करते?” आम्ही उत्तर देऊ शकलो असतो. बाजार ताब्यात असलेल्यांनी भाव बांधणे आणि पोट हातावर असलेल्यांनी आपला तळ बांधणे यांत भेद आहे असे आम्हांला मनापासून वाटते. मालकांच्या गुपचूप एकजुटीकडे जग डोळेझाक करते आणि मजुरांच्या एकजुटीवर ओरड होते, ही गोष्ट ॲडम स्मिथनेच १७७६ साली नोंदली आहे. परंतु दोघी बाया म्हणजे मजूर की दुकानदार, हे कायद्याच्या कोणत्या कलमात बसते ते आम्हांला नीट सांगता येईना. म्हणून आम्ही चहा घेतला.

वास्तुविशारदांना सौ.ने नवा दर कळविला, आणि त्याच पत्रात लिहिले की हा दर मान्य करावयाचाच असेल तर पहिला हक्क माझ्या आधी ज्या काम करीत होत्या त्यांचा आहे. आम्ही ते वाक्य काढावयास सुचविले होते. व्यवहारदृष्ट्या ते वेडेपणाचे होते. तिने ठेवले. तीन आठवडे झाले, त्यांचे उत्तर नाही. बहुधा त्यांना २०० रुपयांत आणखी कोणी मिळाले असेल, आणि तिच्याही घराखाली असाच एखादा न दिसणारा पाया असेल.

आमच्याकडून एक गोष्ट राहिली होती. केंद्रीय नागरी सेवा (वर्तन) नियम, १९६४ च्या १५ व्या नियमान्वये कुटुंबातील कोणी व्यवसाय करीत असेल तर सरकारी नोकराने तसे कळवावे लागते. त्याच नियमात असेही आहे की कुटुंबीयांच्या अशा धंद्याची भलावण सरकारी नोकराने करू नये. म्हणून वाचकांनी सौ.चा पत्ता आम्हांस विचारू नये. सोमवारी आम्ही अर्ज लिहिला. ‘फावल्या वेळात घरबसल्या किरकोळ लेखनकाम’ असा आमचा मसुदा होता. सौ.ने तो वाचला, ‘फावल्या वेळात’ आणि ‘किरकोळ’ हे शब्द खोडले, आणि कागद परत आमच्या हाती दिला. आम्ही स्वच्छ प्रत काढली, आणि दुसऱ्या दिवशी आवक शिक्का मारून घेतला.